दोन ठोके आणि एक

१

चंपतरावांचे प्रेत प्रथम माझ्या हाती लागले. आणि ज्याच्या हाती प्रेत लागते त्याच्या हाताला रक्तही लागते, या साध्या गोष्टीने माझा घात केला.

सन एकोणीसशे एकाहत्तरच्या जानेवारी महिन्यातील, संक्रांतीच्या आधीची ती सकाळ होती. नागपूरहून कळमेश्वरकडे जाणारी सडक सोडून दीड कोस आत गेले की चिचझरीचा तलाव लागतो. तलावाच्या मधोमध एक लांबट टेकाड आहे. त्याच्या पूर्वेच्या टोकास पाटबंधारे खात्याची जुनी चौकी असून पश्चिमेच्या टोकास एक एकाकी बाभूळ आहे. दोहोंमधील अंतर सुमारे दोनशे पावले. वाचकांनी एवढा भूगोल ध्यानी ठेवावा, कारण त्या दोनशे पावलांत माझे प्राण अडकले होते.

मी तेथील ढिवर बांधवांच्या मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी होतो. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु अक्षर वळणदार असल्यामुळे मला ते पद लाभले. मी स्वतः ढिवर नाही. आमच्या घराने छप्पन साली नागपुरास दीक्षा घेतली, तेव्हापासून भूतखेत, उतारा, लिंबू आणि लोखंड या गोष्टींना आमच्या उंबऱ्याच्या आत थारा नव्हता.

त्या दिवशी धुके असे दाट होते की लांबविलेल्या हाताची बोटे स्वतःची आहेत की नाहीत याचा संशय यावा. अशा धुक्यात ढिवर लोक डोंगा कसा हाकतात, ते सांगणे अवश्य आहे. तलावाच्या पोटात बुडालेल्या जंगलाची खोडे आहेत. शिवाय डोंग्यावर डोंगा आदळण्याचे भय असते. म्हणून प्रत्येक जण वल्ह्याच्या दांड्याने डोंग्याच्या कडेवर आपला ठरलेला ठोका वाजवीत जातो. रुपरावाचा ठोका चार, आणि तो भराभर. दादाजीचा एक, मग दम घेऊन पुन्हा एक. आणि आमचे अध्यक्ष चंपतराव यांचा दोन ठोके आणि एक. ठोका ऐकला की नाव घेण्याचे कारण उरत नसे.

चंपतरावांनी मला आपल्या डोंग्यात बसवून पहाटफुटीला टेकाडाच्या पश्चिम टोकास उतरविले.

"सेकेटरी, कागद-पेन्सिल घेतली ना?"

"घेतली, अध्यक्षसाहेब. पण लिहायचे काय?"

"ते तू डोयानं पाहशील आन् मंगच लिहिशील. ऐकीव नाही पाहिजे मले. बाभळीखाली उभा राय. हालू नको. मी आलोच."

दोन ठोके आणि एक. दोन ठोके आणि एक. तो आवाज धुक्यात विरून गेला.

मी बाभळीखाली काकडत उभा राहिलो. बराच वेळ लोटला. दुरून रुपराव कोणाला तरी अर्वाच्य शिव्या देत असल्याचे ऐकू आले. मग पाण्यावरून परतणारा चंपतरावांचा ठोका माझ्या कानी पडला. दोन, आणि एक. तो मला त्या वेळी किंचित टणक वाटला. थंडीने माणसाप्रमाणे लाकूडही आखडत असेल, असे मी मनाशी म्हटले. ठोका जवळ आला आणि थांबला. पाण्यात काहीतरी खळबळले. मी हाक दिली. उत्तर नाही. एक विडी ओढून होईल इतका वेळ मी वाट पाहिली आणि हाताने चाचपडत उतार उतरलो.

डोंग्याचे नाक चिखलात रुतले होते. त्याच्या शेजारी गुडघाभर पाण्यात अध्यक्षसाहेब पालथे पडले होते. मी त्यांना उलटे केले, मांडीवर घेतले आणि मोठ्याने ओरडलो. त्यांच्या डोक्याची मागची बाजू फुटली होती.

धुक्यातून धावणारी पावले आली. प्रथम रुपराव दिसला. त्याने माझे हात पाहिले.

"मारलं यानं," तो म्हणाला. "याच बेट्यानं मारलं."

२

टेकाडावर त्या वेळी माझ्याखेरीज चार जिवंत माणसे होती, आणि चौघांनी चंपतरावांचा ठोका पश्चिम टोकाकडे जाताना आपल्या कानांनी ऐकला होता. म्हणजे अध्यक्षसाहेब जिवंत परतले, माझ्यापाशी उतरले आणि मेले. बाभळीपाशी माझ्यावाचून दुसरे कोणी नव्हते. हे गणित माझ्यासारख्या सातवी पास माणसालाही सोडविता येत होते, आणि उत्तर प्रत्येक वेळी मीच येत होतो.

त्यातच रुपरावाने परवाच्या मीटिंगची आठवण दिली. त्या मीटिंगमध्ये अध्यक्षसाहेबांनी सर्वांसमक्ष म्हटले होते की सेक्रेटरी निदान मॅट्रिक पाहिजे; आणि मी संतापाच्या भरात बोलून गेलो होतो की हे आपणांस जड जाईल. मला म्हणायचे होते की मी वर अर्ज करीन. परंतु मनातील अर्ज कोणास दिसतो?

"चल गा दादाजी," रुपराव म्हणाला, "बांध याले. मी धरतो."

दादाजी हे चंपतरावांचे चुलतभाऊ. भजनात पुढे उभे राहणारे, मुंगीलाही वाट देणारे वयस्क गृहस्थ. त्यांनी जाळ्याची दोरी हातात घेतली, माझ्या मनगटाकडे पाहिले आणि दोरी खाली टाकली.

"माह्याच्यानं नाही होत."

"काहून? दया येऊन राहिली काय तुले? भाऊ मेला ना तुह्या!"

"नाही होत म्हटलं ना गा!"

मला त्या दयेने रडू कोसळले. शेवटी रुपरावानेच मला चौकीपर्यंत फरफटत आणून, पाणी मोजण्याच्या दगडी खांबाला पक्क्या गाठींनी जखडले.

"धुकं उठलं की नेऊ याले पोलिसात," तो म्हणाला. "तवरिक कोणी हालाचं नाही. या धुक्यात प्रेत आन् खुनी घेऊन खोडाच्या जंगलातून डोंगा नेनं म्हंजे आपलंच मरन."

वाचकहो, माझी अवस्था पहा. धुके हीच माझी कोठडी होती, आणि धुके आहे तोवरच माझे आयुष्य होते. पौषातले धुके दहा-साडेदहाला उठते. प्रत्येक माणूस सूर्याची वाट पाहत असता मी एकटा त्याने उगवू नये म्हणून प्रार्थना करीत होतो.

एवढ्यात चंपतरावांची विधवा बहीण प्रयागबाई पुढे झाली. हीच बाई रोज मासळीची पाटी डोक्यावर घेऊन धरमपेठेत घरोघर फिरत असे. भावाचे प्रेत त्यांच्याच डोंग्यात घालून चौकीसमोर आणले होते. ती रडली नाही. तिने डोंग्यातील शेवाळ कापायचा विळा उचलला आणि त्याच्या लोखंडी पाठीने डोंग्याच्या कडेवर घाव घातले.

टण् टण्. टण्.

दोन, आणि एक.

त्या आवाजासरशी चौकीच्या पायरीवर बसलेल्या वामनरावांनी झटकन मान वळविली.

"प्रयागबाई," ते हळूच म्हणाले, "पुन्हा एकडाव वाजव वं."

३

वामनराव हे पाटबंधारे खात्याचे सेवानिवृत्त कर्मचारी. तीस वर्षे तलावाचे पाणी मोजले. पुढे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. खात्याने त्यांना निवृत्त केले, पण तलावाने केले नाही. ते चौकीतच राहत आणि रोज सकाळी खांबाच्या खाचा बोटांनी चाचपून पाणी किती उतरले ते सांगत. धुक्याने त्या दिवशी आम्हा सर्वांस आंधळे केले होते. वामनराव मात्र नेहमीइतकेच आंधळे होते.

प्रयागबाईने पुन्हा विळा वाजविला. वामनराव डोके कलते ठेवून ऐकत राहिले.

"लोखंडानं काहून वाजवतेस?"

"तुमाले मालूम नाही? तीस साल झाले पाण्यावर राहून राहिले तुमी!" ती म्हणाली. "मानूस मेला का त्याचा ठोका लाकडानं वाजवाचा नाही. लाकडानं वाजवला तं तो समजते आपल्याले बलावून राहिले, आन् मांगं येते. लोखंडानं वाजवला तं तो समजते आपलं संपलं. डोंगा काठाले लागेपर्यंत वाजवा लागते. भावानं वाजवाचा असते. भाऊ उभा राह्यला मुका, म्हून मी वाजवला."

दादाजींनी मान खाली घातली.

"मी मरनाचे डोंगे नाही पाहत वं बाई. घाटावर जात नाही मी," वामनराव म्हणाले. मग त्यांनी आवाज बदलून विचारले, "रुपराव, सकाळपासून तू कोठी होता?"

"मले काहून इचारता? खुनी तं खांबाले बांधला हाय!"

"बांधलेला मानूस कोठी जात नाही. म्हून सुटे हायेत त्याइले इचारतो."

"उत्तरेले होतो. जाळ्यात कासव गुतलं होतं, हांडीएवढं! तीन जागी जाळं फाडलं हरामखोरानं."

"त्याच्या मायबापाचा उद्धार इथपर्यंत आयकू येत होता," प्रयागबाई म्हणाली. "मी चुलीपाशी होती. म्हटलं, कासव बी ढिवराच्या हाती लागलं तं त्याले मोक्ष नाही."

"आन् चंपतचा ठोका आला तवा?"

"तवा बी रुपरावाचं तोंड चालूच होतं. उत्तरेकून शिव्या, आन् पश्चिमेकून ठोका."

वामनरावांनी मान डोलविली. मग ते दादाजींकडे वळले.

"तू गा?"

"मी दक्षिणेले," दादाजी म्हणाले. "पहाटीस बाईले इथं उतरवलं, जाळे काढले, वापस आलो. आलो तवा तुमीच म्हटलं ना, ये दादाजी, चहा घे."

"म्हटलं. चंपतचा ठोका थांबल्यावर मंग तुह्या ठोका आला."

"हाव. मी बी आयकला त्याचा ठोका. म्हटलं, भाऊ आला."

शेवटी वामनराव काठी टेकीत माझ्याजवळ आले. त्यांनी माझ्या मनगटावरील गाठी बोटांनी चाचपल्या.

"रुपरावाची गाठ," ते पुटपुटले. "कोन्या ढिवराची गाठ कोनती, हे मले अंधारात समजते. सेकेटरी, तू सांग. परतताना ठोका कसा होता?"

"दोन आणि एक, वामनराव. परंतु टणक होता. मला वाटले, थंडीमुळे."

"कशानं वाजवलेला?"

"ते मला कसे कळावे? मी बाभळीखाली होतो. चाळीस हातांवरचे पाणीही दिसत नव्हते."

"मेल्या मानसाचा ठोका लोखंडानं वाजवतेत, हे तुले मालूम होतं?"

"आत्ता बाईच्या तोंडून ऐकले. आमच्या घरात लोखंड-लिंबू मानत नाहीत."

धुक्याला वरून पांढरेपणा येऊ लागला होता. रुपरावाने आकाशाकडे पाहिले आणि म्हणाला, "उठते आता. अर्ध्या घंट्यात नेतो याले."

मी मनगटे ओढून पाहिली, गाठ तसूभरही हलली नाही.

"अर्धा घंटा लय होते," वामनराव म्हणाले. "प्रयागबाई, दोघाइच्या मासळीच्या पाट्या आन माह्यापुढे."

४

रुपराव हसला. "आता मासळी साक्ष देनार काय?"

"मासळी खोटं नाही बोलत. तिले दोन दिवसांत वास येते, एवढाच तिचा दोष."

पाट्या आल्या. वामनरावांनी आधी रुपरावाच्या पाटीत हात घातला. एक रोहू उचलला, कल्ल्यांच्या मागून अंगठा फिरविला, ठेवला. दुसरा उचलला, तिसरा उचलला. मग दादाजींच्या पाटीतून एक कतला घेतला. त्याच्यावर त्यांचा अंगठा फार सावकाश फिरला. एकामागून एक त्यांनी सात मासे हाताळले.

"बाई, तू रोज साफ करतेस. इथं हात लावून पाह्य."

प्रयागबाईने बोट लावले, आणि तिचा चेहरा बदलला.

"काय हाय गा?" रुपरावाने विचारले.

"तुह्या मासळीच्या मानेत दोरा रुतल्याचा वळ हाय," वामनराव म्हणाले. "जाळ्यातला मासा धडपडते. दोरा कल्ल्यामांगं रुतते, खवले निघते. प्रत्येक माशाच्या गळ्यात जाळ्याची खून असते. दादाजीच्या मासळीच्या गळ्यात काहीच नाही. नव्या नवरीसारखी कोरी हाय."

"आन् आतड्या फुटल्या हायेत," प्रयागबाई कष्टाने म्हणाली. "पोट नरम लागून राहिलं. दिवाळीपासून याची मासळी कधीमधी अशीच येते. मी म्हटलं, थंडीनं असन."

"दिवाळीपासून अधूनमधून दण् असा आवाज येते," वामनराव म्हणाले. "तुमी म्हणता, पलीकडच्या मँगनीज खाणीत सुरुंग उडते. खाणीचा सुरुंग जमिनीतून येते, तो मले तळपायाले समजते. हा आवाज पाण्यातून येऊन माह्या या खांबाले लागत होता. काल दिवस मावळाच्या टाइमाले बी लागला."

आता मला चंपतरावांचे बोलणे उमगले. खाणीतील सुरुंगाची कांडी पाण्यात फोडून मासे मारणारा कोणीतरी आहे, हे त्यांनी ताडले होते. थंड पाण्यात मेलेला मासा लगेच वर येत नाही, तो सकाळी तरंगतो. म्हणून मारणाऱ्याला पहाटे मासे गोळा करण्यास यावेच लागते. त्याला पकडताना पाहणारा आणि लिहून घेणारा असा एक साक्षीदार त्यांना हवा होता. म्हणून मी.

ढिवरांत या अपराधास क्षमा नाही. कारण सुरुंगाने लहान पिले आणि अंडी सुद्धा मरतात. तलाव वांझ होतो. जो असे करील त्याचे पाणी बंद होते. त्याचा डोंगा जाळतात, आणि त्याच्या मुलांनाही पुन्हा तलावात जाळे टाकता येत नाही.

"दादाजी?" रुपराव अविश्वासाने म्हणाला. "हा? अजी, हा तं कार्तिकात मासा खात नाही!"

दादाजींनी पाटीकडे पाहिले. मग एकदम त्यांनी मान वर केली.

"मासळीचं खरं असन," ते म्हणाले. "पन ठोका? चंपत तं बाभळीपाशी जित्ता आला. सर्वाइनं आयकला त्याचा ठोका. मंग मारलं कोनं?"

सर्वांचे डोळे पुन्हा माझ्याकडे वळले. मी खांबाला टेकून डोळे मिटले. वाटले, संपले.

५

"तेच सांगतो," वामनराव म्हणाले. "सकाळी पश्चिमेकून जो ठोका आला, तो मी बी आयकला. दोन आन् एक. पन त्याची खनखन लाकडाची नव्हती. मी म्हटलं, चंपतचं वल्हं तुटलं असन, काही लोखंडी घेऊन वाजवून राहिला असन. मंग बाईनं विळा वाजवला, आन् मले तोच आवाज पुन्हा आयकू आला. तसाच, जसाच्या तसा."

वामनरावांनी काठी टेकीत एक पाऊल पुढे टाकले.

"आता इचार करा. सकाळी तो ठोका लोखंडानं कोन वाजवन? चंपत स्वतः? जित्ता ढिवर आपलाच ठोका लोखंडानं वाजवत नाही, ते आपलंच मरन बलावनं हाय. म्हंजे वाजवनारा चंपत नव्हता. दुसऱ्याच कोनी चंपतचा ठोका वाजवला, आपन समजावं का तो जित्ता वापस आला. बरं, खोटाच वाजवाचा तं वल्ह्यानं काहून नाही वाजवला? वल्हं हातात असते. विळा वाकून उचलावा लागते."

"काहून?" रुपरावाने कुजबुजत विचारले.

"कारन वाजवनाऱ्याच्या पायापाशी प्रेत होतं. त्याले मालूम होतं का चंपत मेला. आन् तो ढिवर होता. मेल्या मानसाचा ठोका लाकडानं वाजवाची त्याची हिंमत झाली नाही. साऱ्या दुनियेले फसवाले निघाला, पन मेलेल्याले फसवता आलं नाही."

वामनरावांनी काठीने माझ्याकडे निर्देश केला.

"हा सेकेटरी काठावर होता, ठोका पाण्यावरून आला. आन् याले तं लोखंडाचं मालूमच नाही. यानं खोटा ठोका वाजवला असता, तं बिनधास्त लाकडानं वाजवला असता. राहिला रुपराव. तो त्या टाइमाले उत्तरेले कासवाशी भांडत होता, ते दोघाइनं आयकलं. बाई माह्यासंग चुलीपाशी होती. मंग ढिवर उरला कोन?"

रुपराव हळूहळू दादाजींकडे वळला. परंतु त्याच्या मनातील शंका अजून मिटली नव्हती. "पन यानं सुरुंग काहून फोडावा? याच्यासारखं जाळं विननारा चिचझरीत नाही!"

"नव्हता," वामनराव म्हणाले. "दादाजी, सेकेटरीची गाठ सोड."

दादाजी उभे राहिले. ते माझ्याजवळ आले आणि गाठीला हात लावला. तेव्हा मी प्रथमच त्यांची बोटे जवळून पाहिली. सांधे आवळ्याएवढे सुजले होते. ती बोटे गाठीवर आपटत होती, घसरत होती, मिटत नव्हती. लाकडाची बोटेही त्याहून अधिक उपयोगी पडली असती. मला बांधण्याचे त्यांनी नाकारले ते दयेने नव्हे. त्यांना गाठ मारताच येत नव्हती.

"दोन हिवाळे झाले," ते खाली बसत म्हणाले. "जाळं वढता नाही येत, दोरा धरता नाही येत. कोनाले सांगू? ढिवराचे हात गेले म्हनून सांगू? त्याच्यापेक्षा डोये गेलेले बरे."

"चंपत कसा मेला?" प्रयागबाईने विचारले. तिचा आवाज अगदी सपाट होता.

"मी तरंगलेले मासे येचत होतो. तो धुक्यातून आला, ठोका न वाजवता. मले पाहून नुसता हासला. म्हने, मी रुपरावले धराले आलो होतो गा! मंग त्याचं हासू गेलं. म्हने, तुह्यं पाणी बंद होईन दादाजी, माह्या हातात काही नाही. मी त्याच्या डोंग्याची कड धरली. म्हटलं, एकडाव सोड. तो उठून उभा झाला, डोंगा कलला, आन् त्याचं डोकस्कं खोडावर आपटलं. बाई, मी हात धरला होता त्याचा. धरला होता वं. पन या बोटाइत..." त्यांनी दोन्ही पंजे पुढे केले. "निसटला. वर काढला तवा काहीच नव्हतं राह्यलं."

"वर काढला होता तं आमाले काहून नाही हाक मारली?" ती म्हणाली. "आपल्या डोंग्याची दोरी कमरीत अडकवून, तो मांगं वढत, त्याले त्याच्याच डोंग्यात बाभळीपाशी काहून नेला?"

दादाजींनी पुढे केलेले पंजे मागे घेतले.

"सेकेटरीले तिथं उभा केला होता, ते तुले कसं समजलं?"

"चंपतनंच सांगितलं. म्हने, बाभळीखाली साक्षीदार उभा हाय."

"मंग?"

"मंग वाटलं..." दादाजींनी माझ्याकडे पाहिले नाही. "तो आपल्यातला नाही."

ते शब्द ऐकून माझ्या मनगटांपेक्षा काहीतरी अधिक आवळले. दोरीची गाठ सुटू शकते, हे मला आता ठाऊक होते. या गाठीचे मात्र सांगता येत नव्हते.

६

वामनरावांनीच चाचपून माझी दोरी सोडली. साडेदहाच्या सुमारास धुके पाण्यावरून चादर ओढल्याप्रमाणे उठले आणि पैलतीर दिसू लागले. घाटावर माणसांचे ठिपके उभे होते. अर्ध्या तासापूर्वी याच दृश्याने मी अर्धमेला झालो असतो.

चंपतरावांना त्यांच्या डोंग्यात निजविले होते. वल्हे रुपरावाने घेतले. मी आणि प्रयागबाई मधे बसलो. दादाजी दुसऱ्या डोंग्याकडे जाऊ लागले, तोच प्रयागबाई म्हणाली,

"तिकडे कोठी चालला? इथं बस. सामोरं."

ते निमूटपणे पुढे येऊन बसले. तिने त्यांच्यापुढे विळा धरला.

"भावानं वाजवाचा असते," ती म्हणाली. "सकाळी धुक्यात वाजवलास ना? आता उजेडात वाजव."

दादाजींनी विळा घेतला. सकाळी दोन्ही पंज्यांत दाबून धरली असेल, ती मूठ आता बोटांत ठरेना. तो दोनदा खाली पडला. तेव्हा रुपरावाने वल्हे ठेवले. माझ्या मनगटावरून सुटलेली दोरी त्याने उचलली, विळ्याची मूठ दादाजींच्या पंजात बसविली आणि भोवती दोरी गुंडाळून आपल्या हाताची पक्की गाठ मारली. त्या वेळी त्याने शिवी सुद्धा दिली नाही.

डोंगा निघाला.

टण् टण्. टण्.

लोखंडाचा आवाज उघड्या पाण्यावर दूरवर जातो. आम्ही खोडांच्या जंगलाबाहेर पडलो नव्हतो, तोच घाटावरील ठिपके गडबडून उठले. कोण गेले, हे त्यांनी ठोके मोजून ओळखले होते. आम्ही पोहोचण्यापूर्वीच तिकडे बायकांचा आक्रोश सुरू झाला. कोणी मारले हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते. त्यांना इतकेच दिसत असावे की भाऊ भावाचा ठोका वाजवीत आणतो आहे.

मी खिशात हात घातला. कागद दवाने ओला झाला होता. अध्यक्षसाहेबांनी सांगितले होते की डोळ्यांनी पाहावे आणि मगच लिहावे, ऐकीव नको. मी समोर पाहिले. दादाजींच्या हाताला बांधलेला विळा वर जात होता आणि खाली येत होता. बाकी सारे ऐकीव होते; हे मात्र मी डोळ्यांनी पाहत होतो.

मी पेन्सिल टेकविली. ओल्या कागदावरही ती उमटत होती.